लेकुरवाळीचे पथ्य

उत्तमरावांनी परवानगी दिली ती एका अटीवर, आणि ती अट त्यांनी स्नान करून, कपाळी गंध लावून, पूर्वेकडे तोंड करून सांगितली. त्यामुळे ती कोणी विसरेल, असा संभव घरात उरला नाही.

धाड गावच्या शिवारात त्यांचे घर मळ्यातच होते. ट्रॅक्टर आल्यापासून घरामागचा बैलांचा गोठा रिकामा पडला होता, आणि त्या गोठ्यात वराहपालन करावे असे त्यांची सून जयमाला हिच्या मनात आले. तिने त्याचे रीतसर प्रशिक्षण घेतले होते. लग्न होऊन या घरी आल्यापासून तिने पुष्कळ कामे केली होती, परंतु ती सर्व आधीपासून चालत आलेली होती. स्वतः ठरवून आरंभिलेले असे हे पहिलेच. नवरा ज्ञानेश्वर याने "बाबाले विचार" एवढेच सांगून आपला भाग पूर्ण केला.

उत्तमराव माळकरी होते. हिवरा आश्रमात प्रवचन असले की सहसा चुकवीत नसत. त्यांनी या विषयावर बराच काळ मनन केले. भगवंतांनी तो अवतार घेतला होता, हे त्यांना मान्य होते. पण तो घेऊन ते कोणाच्या गोठ्यात राहिले नव्हते, हेही त्यांच्या ध्यानात होते. पिले विकल्यावर पुढे त्यांचे काय होते, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देण्याची घाई कोणी केली नाही. अखेरीस ते म्हणाले,

"सूनबाई, जनावर दारात आनलं का ते घरातलं झालं. उद्या ते व्याईन. पिलं दिवसभर अंगाले लटकतीन. पिलं वाढून राह्यली अन माय वाळून राह्यली, हे माह्यानं पाहवनार नाई. पिलांचं दूध तुटलं का मी सोता गोठ्यात येईन. मायची हाडं वर आलेली दिसली, तं त्याच दिवशी काम बंद. गोठा धुवून काढायचा."

"हाव मामाजी," जयमाला म्हणाली.

"अन तवरक मी तिकडं येनार नाई."

"हाव मामाजी."

त्याप्रमाणे खामगावच्या पलीकडच्या एका पालकाकडून एक पांढरी, गाभण मादी आणण्यात आली. कान उभे, पाठ रुंद, आणि चालणे असे की घाईचे काम तिने जन्मात केले नसावे. धाडला तिला पाहायला लोक येऊन गेले. सासूबाई रुखमाबाई मात्र गोठ्याकडे पाठ करूनच वावरत. तुळशीला पाणी घालायचे तर त्या उलट्या बाजूने फेरी घालीत.

चैत्रात ती मादी व्याली. बारा पिले जगली. ती बातमी जयमालेने स्वयंपाकघराच्या दारातून सांगितली तेव्हा रुखमाबाई भाकरी थापीत होत्या. त्यांनी हातातली भाकरी तव्यावर टाकली, उलटली, शेकली, आणि मग विचारले,

"बारा?"

"बारा."

"अन तू तिले काय देल्लं?"

"पानी, अन भरडा."

"पानी! गार?" रुखमाबाई उठल्या. "अवं, बाळंतीन हाय ते! तुले कोनी देल्लं होतं का गार पानी?"

त्या क्षणापासून त्या गोठ्याचा कारभार रुखमाबाईंकडे गेला. त्यांनी तो मागून घेतला नाही आणि जयमालेने तो दिलाही नाही. घरात बाळंतीण आली म्हणजे कारभार कोणाकडे जातो, हे सर्वांनाच ठाऊक होते. वारा लागू नये म्हणून गोठ्याच्या जाळीवर गोणपाटे बांधली गेली. सांजेला ओवा आणि बाळंतशेपा यांची धुरी होऊ लागली. मादीच्या डाव्या पायात काळा दोरा आला. तिला नाव नव्हते. रुखमाबाई तिला लेकुरवाळी म्हणू लागल्या आणि तेच रूढ झाले. अंगणात तीन दगडांची चूल मांडून मोठ्या पातेल्यात मक्याचा भरडा, गव्हाचा कोंडा आणि सोयाबीनची ढेप अशी खीर सकाळ-संध्याकाळ रटरट शिजू लागली. प्रशिक्षणात कच्चे सोयाबीन देऊ नका असे बजावले होते. ढेप गिरणीतून भाजूनच येते, ही गोष्ट त्या वाक्यापुढे कोणाला आठवली नाही. शिजवण्यात काही गैर आहे, असे जयमालेच्याही मनात आले नाही. तिने स्वतःच्या बाळंतपणात गरमच खाल्ले होते, आणि ती व तिची मुलगी दोघीही धडधाकट होत्या.

शेजारच्या जनकाबाई कुंपणाशी येऊन हे सर्व पाहत.

"काय व रुखमाबाई, सुनेच्या बाळंतपनात एवढं पातेलं नव्हतं काढलं!"

"सुनेले एकच होती. हिले बारा हायेत."

"सुनेले तं माहेरी धाडलं होतं तुमी."

"हिचं माहेर खामगावच्या पल्याड हाय. जीपवाला बसू देत नाई."

 जनकाबाई घरी गेल्या आणि बाळंतशेपा थोडा उरला होता तो आणून दिला.

इतके होऊनही लेकुरवाळी वाळू लागली. प्रथम मागच्या मांडीचा फरा उतरला, मग पाठीच्या दोन्ही अंगांना खळगे दिसू लागले. पिले मात्र लोण्याच्या गोळ्यांसारखी होत चालली होती. माउलीचे अंग पिलांच्या अंगावर चढत आहे, हे कोणालाही दिसावे असे होते. उत्तमरावांना ते दिसत नव्हते, कारण ते ठरल्याप्रमाणे तिकडे येत नव्हते, पण जेवताना एकदा त्यांनी जयमालेला विचारले, "पिलं कशी हायेत?" आणि ती "चांगली हायेत" म्हणाल्यावर पुढचा प्रश्न विचारला नाही. 

जेवणे आटोपताच जयमालेने बुलढाण्याच्या पशुवैद्य शैलजाताई यांना फोन केला. त्यांनी सर्व ऐकून घेतले.

"पिलं जास्त आहेत, आणि उन्हाळा आहे. ती खाते त्याहून जास्त दुधावाटे देते आहे. खाणं एकदम वाढवता येणार नाही. मग जे खाते त्यातलं जास्तीत जास्त तिच्या अंगी लागलं पाहिजे. कोंडा आणि ढेप यांच्यात पोषण असतं, पण त्यातलं बरंचसं तंतूंच्या गाठीत अडकलेलं असतं. फॉस्फरस तर तिच्या पोटात तसाच जातो आणि तसाच बाहेर पडतो. त्या गाठी सोडवणारी एन्झाइमची पावडर मिळते. ती खाद्यात नीट मिसळून द्या."

शुद्ध मराठीत ज्याला विकर म्हणतात ते हे द्रव्य. अन्नाचे पचन हे एक कर्म मानले तर ते कर्म सुलभ करणारा हा सहायक. स्वतः न संपता दुसऱ्याचे कार्य सिद्धीस नेणारा. ज्ञानेश्वराने बुलढाण्याहून त्याची पिशवी आणली. रुखमाबाईंनी ती उघडून हुंगली.

"औषध हाय का?"

"औषध नाई आत्याबाई. खाल्लेलं अंगी लागते त्यानं."

"मंग डिंकासारखं म्हन ना."

"तसंच समजा. फक्त नीट मिसळलं पायजे."

नीट मिसळण्याच्या बाबतीत रुखमाबाईंना उपदेशाची आवश्यकता नव्हती. खिरीला उकळी फुटली की त्या पावडर चिमटीने भुरभुरवीत, मोठ्या पळीने तळापासून ढवळीत, आणि ती खिरीच्या कणाकणात उतरावी म्हणून वर झाकण ठेवून पुन्हा सावकाश शिजवीत. जयमाला शेजारी बसून जाळ सारीत असे. दोघींनी हे काम इतक्या निष्ठेने केले की त्यात उणे काढायला जागा नव्हती.

लेकुरवाळी वाळतच राहिली.

शैलजाताईंनी फोनवर जयमालेला विचारले, "पावडर देता ना?"

"देतो मॅडम, रोज."

"मिसळून?"

"एकदम एकजीव करून."

"कमाल आहे," असे म्हणून त्या स्वतःच धाडला यायला निघाल्या.

त्या आल्या तेव्हा खिरीला नुकतीच उकळी फुटली होती. शैलजाताई गोठ्याकडे जाता जाता पातेल्यापाशी थांबल्या.

"लग्न आहे का घरी?"

"हे लेकुरवाळीचं," जयमाला म्हणाली.

रुखमाबाईंनी त्याच वेळी पदराने पातेल्याचा कान धरून पावडर भुरभुरवली. शैलजाताईंनी ती पडताना पाहिली, वाफेत नाहीशी होताना पाहिली, पळी फिरताना पाहिली. मग चष्मा काढून पुसला.

"रोज असंच?"

"रोज," रुखमाबाई अभिमानाने म्हणाल्या. "एक दिवस चुकवलं नाई. इचारा हिले."

"आजी, तुम्ही विरजण कसं लावता?"

"हे काय इचारनं झालं?"

"सांगा तर."

"दूध कोमट झालं का लावते."

"उकळत्या दुधात लावलं तर?"

"तं कशाचं दही अन कशाचं काय! विरजन मरते ना." एवढे बोलताच रुखमाबाईंचा हात पळीवर थांबला. त्यांनी पातेल्याकडे पाहिले. नंतर जयमालेकडे पाहिले. जयमाला चुलीतल्या लाकडाकडे पाहत होती.

"विरजण जिवंत असतं, ही पावडर नाही," शैलजाताई सौम्यपणे म्हणाल्या, "पण जाळ हिलाही सोसत नाही. उकळली की तिचा गुण गेला. इतके दिवस तुम्ही तिला पावडर दिली खरी, पण तिच्या पोटात गेली ती नुसती माती."

मग त्या गोठ्यात गेल्या आणि बाहेर आल्या तेव्हा घामाने चिंब झाल्या होत्या. त्यांनी सांगितले ते असे: गोणपाटे सोडा, धुरी थांबवा, पाणी गार आणि हवे तितके द्या, कारण दूध पाण्यातूनच होते. आधीच उकाडा, त्यात ऊन-ऊन खीर, म्हणून ती निम्मे पातेले टाकून देते. खीर बंद करा. भरडा, कोंडा आणि ढेप तशीच, न शिजवता, पावडर मिसळून, वाटल्यास गार पाण्याने ओलवून, सकाळी उन्हाच्या आधी आणि संध्याकाळी द्या.

"कोरडं?" रुखमाबाई म्हणाल्या.

"किंवा ओलं. पण गार."

"बाळंतिनीले?"

"आजी, ती..."

"ते काय हाय ते मले मालूम हाय. पन माह्या दारात बारा लेकरांची माय गार-कोरडं खाईन, तं लोक काय म्हनतीन? ते जनकाबाई कुंपनालेच टांगलेली असते."

"मी काई म्हनत नाई व!" कुंपणाकडून आवाज आला.

शैलजाताई गेल्यावर जयमाला सासूच्या समोर बसली. तिने आवाज चढवला नाही. "आत्याबाई, मामाजी पाह्यला येतीन. त्यायले हाडं दिसली का गोठा धुवून काढतीन. मंग पथ्य कोनाचं पाळसान?"

 रुखमाबाईंनाही लेकुरवाळी जायला नको होती. परंतु जे पथ्य त्यांनी स्वतः पाळले, सुनेला माहेरी निरोप धाडून पाळायला लावले, ते केवळ एका डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून मध्येच सोडणे त्यांना शक्य नव्हते. पथ्य सोडायला पथ्य संपावे लागते.

"पानी पुजल्याबिगर तिले साधं अन्न देता येत नाई," त्या शेवटी म्हणाल्या. "सव्वा महिना झाला का इहिरीचं पानी पुजायचं, मंग चालते सगळं."

"सव्वा महिन्यात तं दूधच तुटत येईन."

हा प्रश्न निर्णयासाठी उत्तमरावांपुढे गेला. ओसरीवर बसून त्यांनी तो पूर्ण ऐकला. शास्त्रार्थाचा प्रसंग असल्याने त्यांनी टोपी नीट केली.

"मानसाची बाई किती महिने वागवते?"

"नऊ," रुखमाबाई म्हणाल्या.

"अन ते?"

"चार बी नाई," जयमाला म्हणाली.

"मंग सोयर बी त्याच मापानं. गर्भ अर्ध्याहून कमी, तं पथ्य बी अर्ध्याहून कमी. हिचं पथ्य कवाच संपलं. तुमी उगाच लांबवून राह्यले."

या निर्णयाने रुखमाबाईंचे समाधान झाले, कारण तो त्यांच्या पथ्याविरुद्ध नव्हता. पथ्याच्या आतूनच निघालेला होता. दुसऱ्याच दिवशी सकाळी पाणीपूजन ठरले. विहिरीपर्यंत लेकुरवाळीला नेणे कठीण होते, म्हणून विहिरीचे पाणी हौदात आणले आणि ती चार पावले हौदापर्यंत आली. रुखमाबाईंनी पाण्याला हळदकुंकू वाहिले, आणि थोडे लेकुरवाळीच्या कपाळाला लावले, ते तिने लगेच भिंतीला पुसले. ओटी भरायला जागा सापडेना, तेव्हा ती हौदाच्या काठावर ठेवली. ओटीतले गहू लेकुरवाळीने तिथेच ग्रहण केले. खण वेळीच काढून घेण्यात आला. उत्तमराव आपल्या शब्दाला जागून गोठ्यात आले नाहीत. त्यांनी भिंतीपलीकडे उभे राहून सात नद्यांची नावे घेतली.

जनकाबाई कुंपणाशी होत्या. त्यांनी नारळ आणला होता.

त्यानंतर लेकुरवाळीने मान खाली घालून गार पाणी प्यायला सुरुवात केली, आणि ती इतका वेळ प्याली की रुखमाबाईंनी तोंड दुसरीकडे फिरवले. "माय माय," त्या पुटपुटल्या, "इतकी तहान होती व तुले."

गोणपाटे उतरली. ज्ञानेश्वराने छताला पंखा लावला. जयमाला सकाळी उजाडता उजाडता पावडर आधी मूठभर कोंड्यात, मग तो कोंडा सगळ्या भरड्यात असे मिसळू लागली. लेकुरवाळी पाटी चाटून साफ करू लागली. तिच्या अंगातले उतरणे थांबले. ते कशाने थांबले याविषयी घरात एकमत झाले नाही. जयमाला पावडरीला श्रेय देई, ज्ञानेश्वर पंख्याला, आणि रुखमाबाई पाणीपूजनाला. शैलजाताईंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या की तिन्ही एकत्र झाल्याने कोणा एकाचे नाव घेता यायचे नाही. यातले तिसरे नाव गार पाण्याचे, असा त्यांचा अर्थ असावा; रुखमाबाईंनी तो आपल्या बाजूने घेतला.

परंतु थांबणे म्हणजे भरून येणे नव्हे. पिले अजून पीत होती. दूध तोडण्याचा दिवस आला तेव्हा लेकुरवाळी आणली त्या दिवसाइतकी भरलेली नव्हती, आणि ते जयमालेला इतर कोणाहूनही स्पष्ट दिसत होते. पिले वेगळ्या कप्प्यात गेली. उत्तमराव स्नान करून आले. गोठ्याच्या दारात ते उभे राहिले आणि त्यांनी लेकुरवाळीकडे प्रथमच नीट पाहिले.

मग त्यांनी कप्प्यातल्या पिलांकडे पाहिले, आणि पुन्हा तिच्याकडे.

"उतरली हाय," ते म्हणाले.

"हाव," जयमाला म्हणाली. नाही म्हणण्यात अर्थ नव्हता. "बारा पाजले तिनं. पन मामाजी, नजरेनं नका ठरवू. डॉक्टर मॅडमनं सांगतलं हाय, कमरेच्या हाडावर तळहात ठेवा. हात ठेवताबरोबर हाड लागलं, तं वाळली. दाबल्यावर लागलं, तं नाई."

उत्तमराव तिच्याकडे पाहू लागले. त्यांनी गोठ्यात यायचे कबूल केले होते; स्पर्शाचे बोलणे झाले नव्हते. त्यांचे स्नान झालेले होते, पूजा व्हायची होती.

"तूच सांग. तू खोटं बोलनार नाई."

"मी सांगतलं तं काम माह्यासाठी चालू राह्यलं असं होईन," जयमाला म्हणाली. "तुमची अट हाय. हात तुमचाच पायजे."

रुखमाबाई दाराशी होत्या. त्यांनी सुनेकडे असे पाहिले की जणू ही कोण बाई घरात आली आहे. कुंपणाशी जनकाबाई टाचा उंच करून उभ्या होत्या.

उत्तमरावांनी माळ सदऱ्याच्या आत टाकली. पुढे झाले. डोळे मिटले, आणि उजवा तळहात लेकुरवाळीच्या कमरेवर ठेवला. ती हलली नाही. तिने एक दीर्घ श्वास सोडला आणि त्यांच्या अंगाला अंग लावले. उत्तमराव तसेच उभे राहिले. नुसता हात ठेवायला जितका वेळ पुरेसा होता त्याहून कितीतरी अधिक वेळ त्यांचा हात तिथे होता.

"लागलं?" रुखमाबाईंनी विचारले.

"लागलं."

जयमालेने खाली पाहिले.

"दाबल्यावर," उत्तमराव म्हणाले. "चांगलं दाबल्यावर."

मग ते कोणाशी न बोलता नळावर गेले आणि त्यांनी पुन्हा स्नान केले.

दुपारी पानावर बसल्यावर त्यांनी पहिला घास घेण्याआधी विषय काढला. "दुसरी आनायची तं आना. पन दोघींची बाळंतपनं एका महिन्यात येऊ देऊ नका. सासू एकटी हाय."

रुखमाबाईंनी त्यांच्या पानात भाकरी वाढली. "अन उन्हाळ्यात नाई," त्या म्हणाल्या. "भर उन्हात खीर शिजवनं होत नाई माह्यानं."

"आत्याबाई, खीर आता शिजवायचीच नाई हाय."

"बिनापावडरीची. पयले बारा दिवस."

जयमालेने उत्तर द्यायला तोंड उघडले, नंतर गोठ्याच्या दिशेने पाहिले, आणि सासऱ्यांच्या पानात भाजी वाढली.